एका फाट्यावर दोन विमानं

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला सेमिनार सक्तीचा होता. एक विषय घ्यायचा, महिनाभर माहिती गोळा करायची आणि वर्गापुढं उभं राहून पंधरा मिनिटं बोलायचं. दुसऱ्या कॉलेजातून एक मॅडम परीक्षक म्हणून यायच्या. मी त्याआधी दोनदा वर्गापुढं उभी राहिले होते आणि दोन्ही वेळा एक वाक्यही पूर्ण न करता खाली बसले होते. पहिल्यांदा घसा कोरडा पडला, दुसऱ्यांदा रडू आलं. सरांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "ही शेवटची संधी आहे. याही वेळी बोलली नाहीस तर माझ्या हातात काही नाही. वर्ष जाईल."

आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. वर्ष गेलं तर पुढं काय होईल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सरांनी विषय हजेरी क्रमांकानं वाटले. कुणाला सहकारी बँक आली, कुणाला साखर कारखाना. माझ्या वाट्याला आला 'विमान वाहतूक : नवे मार्ग आणि कंपन्यांमधील स्पर्धा'. विमान मी फक्त खालून पाहिलेलं. मी मुकुंदवाडीत मावशीकडं राहत होते. गच्चीवरचे कपडे काढायला गेले की संध्याकाळचं विमान डोक्यावरून चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरायचं. एवढीच आमची ओळख.

मुंबईच्या मार्गावर त्या वर्षी दुसरी कंपनी नुकतीच आली होती. आधी कितीतरी वर्षं संध्याकाळी एकाच कंपनीचं विमान यायचं. नव्या कंपनीनं आपलं विमान जुन्याच्या वीस मिनिटं आधी लावलं. सकाळपासून धावपट्टी मोकळी पडलेली असताना दोघंही संध्याकाळीच का भांडतात, ते मला कळेना. मी वहीत लिहिलं, 'नव्या कंपनीचे वेळेचे नियोजन चुकलेले दिसते.' वाक्य मला आवडलं होतं. पुस्तकातल्यासारखं वाटत होतं.

पुस्तकावर थांबू नका, स्वतः जाऊन बघा, असं सरांनी सांगितलं होतं. म्हणून मी चार संध्याकाळी विमानतळावर गेले. दारापाशी बंदूकवाले जवान तिकीट आणि ओळखपत्र बघत होते. त्यांच्या जवळ जायची हिंमत झाली नाही. मी लांब, गाड्या थांबतात तिथल्या झाडाखाली उभी राहिले आणि गाड्यांमधून उतरणारी माणसं मोजली. दहा झाली की वहीत एक रेघ. चार दिवसांत चार पानं भरली. मी खूश होऊन निष्कर्ष काढला, 'प्रवाशांची मागणी प्रचंड आहे.'

रविवारी अप्पा, म्हणजे माझे वडील, मावशीकडं आले. अप्पा देवगाव रंगारीहून शहरापर्यंत काळी-पिवळी जीप चालवायचे. वेरूळ, खुलताबाद, पडेगाव अशी त्यांची लाईन. पण ही गोष्ट मी कॉलेजात कुणालाच सांगितली नव्हती. प्रवेशाच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय 'शेती' लिहिला होता. दीड एकर होती, म्हणजे खोटं नव्हतं. वर्गातल्या मुली काळी-पिवळीला 'मेंढरं भरायची गाडी' म्हणायच्या. त्या हसायच्या तेव्हा मीही थोडं हसायचे. आज ते लिहिताना बरं वाटत नाही.

अप्पांनी चहा पिता पिता माझी वही मागितली. ते सातवीपर्यंत शिकलेले, बोट ठेवून वाचायचे. रेघांवर त्यांचं बोट थांबलं.

"बाई, एका विमानात सीटा किती?"

मी सांगितलं.

"आन तू मोजली ही एवढी माणसं?"

"व्हय."

अप्पांनी बशी खाली ठेवली. "मग टपावर बी बसवतात का काय?"

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. मला मात्र घाम फुटला. चार पानं, चार दिवस, आणि सीटांचा विचार मी केलाच नव्हता.

"चल, दाखव मला," अप्पा म्हणाले. मी काळी-पिवळीत पुढं बसले आणि आम्ही विमानतळावर गेलो. फाटकाच्या बाहेर रस्त्याकडेला त्यांनी जीप लावली. एवढ्यात मागून तशीच दुसरी जीप येऊन थांबली. तिच्यातून खुलताबादचे चाचा उतरले. चाचा म्हणजे अप्पांचे लाईनवरचे वैरी. रोज दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं ओढायचे आणि रोज एकाच टपरीवर एकत्र चहा प्यायचे.

"अरे देवगाव!" चाचा ओरडले. "इधर भी मेरा नंबर खाने आया क्या?"

"तुझा नंबर मुंबईला लागला व्हय?" अप्पा म्हणाले. "कोण चाललंय?"

"भतीजा. मुंबई, वहाँ से दुबई. नौकरी लगी."

जीपमधून माणसं उतरतच होती. आज्या, काकवा, मुलं, डब्याची पिशवी धरलेली एक नवी सून. मी सवयीनं मोजत गेले. चौदा झाली.

"अन् हे बाकीचे?" मी विचारलं.

"छोड़ने आए ना, बेटी! अकेला कैसा जाएगा?"

चाचांच्या पुतण्याच्या दंडाला हिरव्या कापडात इमाम जामीन, म्हणजे प्रवास सुखरूप व्हावा म्हणून नाणं, बांधलं होतं. सगळ्यांनी त्याला पोटाशी धरलं, आजीनं डोक्यावरून हात फिरवला, आणि तो एकटा दाराकडं गेला. बाकीचे तेरा कठड्यापाशी उभे राहून हात हलवत राहिले. पलीकडं आमच्यासारख्याच एका घरातले लोक आले होते. तिथं एका बाईच्या हातावर दही ठेवलं होतं आणि तिच्या भोवती दहा-अकरा जण. आत गेली ती एकटीच.

"सीटावर बसणारा मोज," अप्पा म्हणाले. "हात हलवणारा मोजू नको."

मग त्यांनी त्यांची पद्धत सांगितली. गाडीतून उतरलेले मोजायचे आणि त्यांच्यातले जे परत गाडीत चढले ते त्यातून वजा करायचे. लांब उभं राहूनही जमण्यासारखं होतं. त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही विमानं सुटेपर्यंत थांबलो. मी उतरणारे मोजले, अप्पांनी चढणारे. आकडा विमानात मावेल असा आला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं ओरडले. फाटकावरचा जवान वळून बघायला लागला.

चाचा शेंगदाणे घेऊन आले. आम्ही तिघं जीपच्या बॉनेटला टेकलो. मी धीर करून विचारलं, "अप्पा, दिवसभर मोकळं असताना हे दोघं एकाच वेळेला का येतात? नवीन कंपनीचं चुकलंय ना?"

"कशाचं चुकलंय? गिऱ्हाईक ज्या टायमाला फाट्यावर उभं ऱ्हातं त्याच टायमाला गाडी लागंल. कामाला आलेला माणूस संध्याकाळी घरी जातो. दुपारी बारा वाजता रिकाम्या फाट्यावर गाडी लावून काय माशा मारायच्या?"

"आणि वीस मिनिटं आधी?"

अप्पांनी चाचांकडं पाहिलं. "हे याला विचार. माझ्या आधी दहा मिनिटं येऊन उभं ऱ्हायचं, हे यानंच सुरू केलं."

"झूठ!" चाचा म्हणाले. "तूने शुरू किया. मैं सात को आता था, तू पावणेसात को आने लगा."

ते बराच वेळ भांडले. मी बॉनेटवर वही ठेवून लिहीत होते.

"चाचा आले तेव्हा तुमचा धंदा कमी झाला असंल," मी अप्पांना म्हणाले.

"मला बी तसंच वाटलं व्हतं. पयल्या आठवड्यात झोप नाय आली. पण मी एकटा व्हतो तवा लोकं फाट्यावर यायचेच नाय. एक गाडी हुकली की दोन तास उन्हात. त्यापेक्षा घरीच बरं, म्हणायचे. हा आला आन लोकांना वाटाय लागलं, एक गेली तर दुसरी हाय. मग शहरात दवाखान्याला, बाजाराला, लेकीकडं, सगळे निघाले. माझी गाडी आधीपेक्षा जास्त भराय लागली."

"हौ, बराबर," चाचा म्हणाले. मग लगेच पुढं, "मेरे वजह से भरी. शुक्रिया बोल."

"बोलतो की. उद्या पावणेसातला फाट्यावर ये, तिथं बोलतो."

दुसऱ्या दिवशी मी विमानतळावरच्या टॅक्सीवाल्यांना विचारलं. आधी उतरणारी माणसं थोडी असायची, आता दोन्ही विमानं भरलेली येतात, असं ते म्हणाले. मी वहीतलं 'नियोजन चुकलेले' हे वाक्य खोडलं. खोडताना थोडं वाईट वाटलं, चांगलं लिहिलं होतं.

सेमिनारच्या दिवशी माझा नंबर चौथा होता. उभी राहिले. पहिली दोन वाक्यं मी कागदावरून वाचली, तीही कुणाला ऐकू गेली असतील असं वाटत नाही. मग वर्ग हलायला लागला. सर खाली बघत होते. परीक्षक मॅडमनी बहुतेक माझी कीव येऊन मध्येच प्रश्न विचारला.

"दुसरी कंपनी आल्यावर पहिलीचं नुकसानच झालं असेल ना?"

"नाही मॅडम," मी म्हणाले. "गिऱ्हाईक वाढतं. एक हुकली तर दुसरी आहे, असं कळलं की लोक घरातून निघतात."

"हे कुठल्या पुस्तकात वाचलं?"

पहिल्या बाकावर काळी-पिवळीला हसणाऱ्या त्या मुली बसल्या होत्या.

"पुस्तकात नाही," मी म्हणाले. "माझे वडील काळी-पिवळी चालवतात. देवगाव रंगारीच्या लाईनवर. त्यांनी सांगितलं."

मॅडम पुढं झुकल्या. "कसं सांगितलं? नीट सांगा."

मग मी सांगितलं. फाट्यावरचं ऊन सांगितलं, पावणेसात आणि सातचं भांडण सांगितलं. माझी चार पानांची चूक सांगितली, टपावर बसवतात का हेही. वर्ग हसला, आणि पहिल्यांदाच मी बोलत असताना वर्ग हसत होता तरी मला खाली बसावंसं वाटलं नाही. चौदातले तेरा परत गेले हे सांगितलं तेव्हा त्या मुलींमधली एक म्हणाली, "आमच्याकडं पण असंच!" मी कागद टेबलावर कधी ठेवला ते मला कळलं नाही. बोलता बोलता मी आमच्या बोलीत शिरले, 'लई' आणि 'व्हय' येत राहिलं, आणि मॅडम लिहून घेत राहिल्या.

सरांनी घड्याळ पाहिलं. "छान. पुरे आता, बसा. वेळ संपला."

"सर," मी म्हणाले, "जुन्या कंपनीनं आता काय करायला पाहिजे, ते राहिलंय. दोनच मिनिटं."