चिंचेवरची लेकरं

परसवाड्याच्या शाळेचा चपराशी सकाळच्या बसनं आला आणि दारातूनच म्हणाला, "मास्टरजी नहीं रहे।" वामनभाऊ गेला, हे नीट कळायच्या आधी माझ्या मनात भलतंच आलं... आता याला सांगायचं राहूनच गेलं. महिना होत आला, ते मनातून जात नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलतो, पण त्यासाठी आधी माझं वाईट सांगावं लागेल.

वामनभाऊ माझ्या थोरल्या काकांचा मुलगा. त्याची आई बाळंतपणातच गेली, माझ्या आईनं त्याला अंगावर पाजून वाढवलं. तो तिला काकू म्हणायचा, पण जीव माझ्यापेक्षा जास्त लावायचा. बालाघाटला मी कचेरीत कारकून, तो शाळेत जीवशास्त्राचा मास्तर. शाळेमागच्या चिंचेवर मोठ्या वटवाघळांची वस्ती होती. खाली घाण, वर दिवसभर कलकलाट, लोक नाकं मुरडायचे. हा येडा मात्र वही घेऊन रोज संध्याकाळी झाडाखाली हजर, आणि मलाही ओढून न्यायचा. उन्हाच्या तलखीत ती पंखांनी स्वतःला वारा घालतात, वैनगंगेवर झेपावून पोट भिजवतात आणि परत येऊन तेच ओले केस चाटतात, हे मी त्याच्यामुळे पाहिलं. मी म्हटलं, आंधळी असून बरी नदी सापडते! तर म्हणाला, "आंधळी काहून? तुह्यापेक्षा बरं दिसते त्यायले."

एका चैतात, मोहाची फुलं गळत असताना, त्यानं मला वरची फांदी दाखवली. "पाह्य दिगू, मायले सालात एकच पोरगं. आधी त्याले पोटाशी धरूनच उडते. मंग ते जड होते, तं फांदीवर ठेवून चरायले जाते. पहाटे येते ते नेमकी त्याच्यापाशीच. इतक्या गलक्यात आपल्या पोराचा आवाज वळखते." बोलताना तो त्या फांदीवरून नजर काढत नव्हता. बिनआईचा पोर तो, मला तेव्हा समजायला हवं होतं.

त्याच दिवसांत आईचे गुडघे धरले. उठताना भिंत धरायची आणि कण्हायची. कोणीतरी सांगितलं, वटवाघळाच्या तेलानं संधिवात सुटतो. बाजारात तेलवाला बसायचा, त्याला गाठलं. तो म्हणाला, माल कुठून आणू, दिवसा झाडाला हात लावला की सगळी उडतात. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "पहाटे जाळं लाव ना. पोरं ज्या फांदीवर हायेत, माया तिथंच येतात." मास्तरचा भाऊ ना मी! ज्ञान पाजळलं.

दुसऱ्या पहाटे बांबूंवर जाळी चढली. उजाडेपर्यंत माया संपल्या, उरलेली वटवाघळं उडून गेली. लेकरं तेवढी फांद्यांना लटकून राहिली. दोन दिवस ती ओरडत होती, तिसऱ्या दिवशी उन्हानं टपाटप पडू लागली. वामनभाऊ शिडी लावून चढला, जिवंत होती तेवढी धोतरात गुंडाळून आणली, कापसाच्या वातीनं दूध पाजलं. एकही जगलं नाही. शाळेमागे खड्डा करताना त्यानं मला विचारलं, "दिगू, त्यायले कोनं सांगतलं असंन रे?"

"मले काय मालूम?" मी म्हणालो.

संध्याकाळी तो नेहमीसारखा आईचे गुडघे चोळायला आला. मी तेलवाल्याकडची बाटली पुढं केली, किरनापूरच्या वैद्यानं दिली म्हणालो. त्यानं बूच काढलं, तळहातावर तेल घेतलं, जरा थांबला... आणि चोळू लागला. आई म्हणाली, "वामन, तुह्या हातानं लय बरं वाटते रे." बाटली संपेपर्यंत रोज येऊन त्यानं चोळलं. मग परसवाड्याला बदली मागून घेतली. आईला खांदा द्यायला आला, सणावारी येत राहिला, पण वटवाघळांचा विषय त्यानं कधी काढला नाही. मीही नाही. या दिवाळीला सांगू, पुढच्या दिवाळीला सांगू, असं करत वर्षं गेली. नालायकपणा, दुसरं काय!

तेरवीला परसवाड्याला गेलो. खोलीत खाट, खुंटीवर सदरा, फळीवर पुस्तकं, आणि त्यांच्या तळाशी ती वही. त्या चैतापुढची पानं सगळी कोरी. लिहिलेल्या शेवटच्या पानावर त्याच्या वळणदार अक्षरात एवढंच होतं:

"आज उरलेली पिल्लंही गेली. बाटलीला त्यांच्या मायांचाच वास आहे. काकू आज भिंत न धरता उठली. दिगूला पुन्हा विचारायचं नाही."