गुडघ्यांची जागा

बाबांच्या मोटारसायकलच्या टाकीवर दोन्ही बाजूंना तळहाताएवढा लाल रंग उडालेला होता. वीस वर्षं त्यांचे गुडघे तिथे घासत होते. बाबा गेल्यावर गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. मग गेल्या आठवड्यात मी टाकी उतरवली आणि पॉलिश पेपरने पार पत्र्यापर्यंत घासली. वर काळा रंग मारला, बारीक सोनेरी पट्टी ओढली.

आज आई बघायला आली. पदराला हात पुसून तिने तो टाकीवर नेमका त्याच जागी ठेवला. हात थोडा फिरला आणि थांबला.

"चांगली झालीय," ती म्हणाली. "कुणाचीही वाटते."

माणूस गेल्यावर तो उरतो त्याने झिजवलेल्या जागांत. चपलेत उमटलेल्या अंगठ्यात, खुर्चीच्या गुळगुळीत झालेल्या हातात. आपण मात्र त्यालाच खराबी म्हणतो आणि मन लावून दुरुस्त करतो. मी तर ते प्रेमाने केलं होतं, आणि तेच मला आता सोसवत नाही.

"घासलेले कागद कुठे ठेवलेस रे?" आईने विचारलं. "त्यांना जुना रंग लागला असेल."

ते सकाळीच घंटागाडीत गेले होते.