मुडबीच्या शेतातून परत आलेली बरणी

“गर्भाशय काढावं लागेल, आणि काढल्यावर ते तपासावं लागेल. कॅन्सर आहे की नाही, ते तेव्हाच कळेल,” बसवकल्याणच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

मुलांनो, माझी पाळी जाऊन चौदा वर्षं झाली होती, तरी रक्ताचा डाग दिसला. दोन आठवडे मी डायरीत फक्त तारखा लिहीत बसले. तुम्ही असा वेळ घालवू नका.

त्याआधी बायोप्सी झाली होती, म्हणजे आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासला. रिपोर्टात होतं ‘एटिपिकल हायपरप्लेसिया’. अस्तर जाड झालंय आणि पेशींचं रूप बदललंय, असा त्याचा अर्थ. तो कॅन्सर नव्हे, पण त्याच्या आड कॅन्सर लपलेला असू शकतो.

हिस्टरेक्टॉमी, म्हणजे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया, नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेला भाग फॉर्मेलिनच्या बरणीत घालून माझ्या दिराकडे, शिवराजकडे दिला. या औषधात तो भाग नासत नाही. बरणी कलबुर्गीच्या लॅबमध्ये पोचवायची होती. शिवराज दुपारीच परत आला.

माझ्या उशाशी धाकटी जाऊ शांता, त्याची बायको, बसली होती. “इतक्या लवकर कलबुर्गी झाली व्हय?”

“वाटेत आपल्या मुडबीलाच उतरलो. शेतात बरणीला विभूती लावून पुरून आलो,” तो म्हणाला. “अक्काचंच अंग हाय की. लोकांच्या टेबलावर कामून कापू द्यायचं?”

आमच्यात माणूस गेलं की मातीतच ठेवतात. त्याचा हेतू वाईट नव्हता.

“अक्काला मातीत घालायची एवढी घाई झालीय तुम्हाला?” शांता उठली. “झाकण उघडलंत का?”

“न्हाई.”

“मग चला, जागा दाखवा.”

तिने खुरप्याने बरणी उकरून काढली, पदराने पुसली. मांडीवर घेऊन कलबुर्गीच्या बसमध्ये बसली आणि लॅबची पावती घेऊनच परतली. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई.

“माझी पिशवी तिशीत काढली,” ती मला म्हणाली. “अंगावरून पांढरं जातंय म्हणून. ती कुठं गेली, तिच्यात काय होतं, एक कागद मिळाला न्हाई.”

आठ दिवस वाट पाहिली. लॅबमध्ये त्या भागाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्याला हिस्टोपॅथॉलॉजी म्हणतात. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. “कॅन्सर नाही. बरणी पोचली नसती, तर हे मला कधीच छातीठोकपणे सांगता आलं नसतं.”

घरी आल्यावर शांता म्हणाली, “सगळ्या ओळी वाचा अक्का. शेवटची एकच नको.” मी एकेक ओळ मराठीत सांगितली. तिने लक्ष देऊन ऐकली. मग विचारलं, “माझं काढायची गरज होती का?”

मी हेच डॉक्टरबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधानं बरं होतं. पण इतक्या लवकर पिशवी काढली की हाडं ठिसूळ होऊ शकतात; त्यांना घेऊन या, तीही तपासू.”

माझा रिपोर्ट माझ्या फाइलमध्ये लावला. त्यावर पेन्सिलीने लिहिलंय, ‘शांतामुळे मिळाला.’ शेजारी तिच्या नावाची नवी फाइल ठेवलीय. सोमवारी तपासणी झाली की तिच्यात पहिला कागद लागेल.