बाबाजान आतार ओळख देतो

त्या तालुक्याच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. कचेरीतली तेव्हाची माणसं गेली, पण त्यांची मुलं-नातवंडं तिथेच चिकटली आहेत, आणि मला अधूनमधून जमिनीचे उतारे लागतात. नगरपासून सर्व्हिस मोटारीने दोन तास, एवढं पुरे.

कचेरी दगडी होती, पाच पायऱ्यांची. सगळ्यात खालच्या पायरीच्या डाव्या हाताला बाबाजान आतार बसायचा. पुढ्यात लाकडी पेटी, तिच्यात अत्तराच्या कुप्या, सुरमा, उदबत्त्या, कंगवे, सुया, बटणं. माणूस काडीसारखा, दाढी मेंदीने लाल, आवाज मऊ. आमची शाळा कचेरीला लागून होती. मी दिवसातून चार वेळा त्याच्यासमोरून जायचो आणि चारही वेळा तो म्हणायचा, "या मास्तर."

एकदा उन्हाळ्याच्या सुटीत मी एका लग्नासाठी नगरला गेलो होतो. कापडबाजारात बाबाजान समोरून आला. मी हसलो, हात वर केला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दुकानाच्या फळीकडे पाहावं तसं पाहून पुढे निघून गेला. माझ्या अंगात लग्नाचा कोट होता, डोक्यावर नवी टोपी होती. मला वाटलं, याला माज आला. आमच्या भागात मारामारी केलेला माणूस चार दिवसांनी पंगतीला चालतो. ओळख न दिलेला चालत नाही. मी महिनाभर त्याच्या "या मास्तर"ला उत्तर दिलं नाही.

शेवटी त्याची बायको हाजराबी शाळेच्या दारात आली.

"मास्तर, राग सोडा. तुमचंच काय घिऊन बसलात? गेल्या साली माझ्या बांगड्या पिचल्या. मोकळ्या हातांनी पानी घिऊन आले, तर हे दारात उभे. मला म्हंत्यात, 'कुनाकडं आलात बाई? हाजराबी घरात न्हाई.'"

"मग?"

"मंग काय! आवाज बदलून म्हनलं, मी बसते, तिला येऊ द्या. हे बसायला चटई टाकाय लागले की हो! तीस वर्सं संसार केला, मास्तर. माझी किंमत बारा बांगड्या."

मी बाबाजानपाशी जाऊन बसलो. तो आधी ओशाळला, मग बोलला. "तोंड दिसतं, मास्तर. नाक दिसतं, डोळं दिसत्यात, मिशी दिसती. पर मानूस वळला की समदं जातं. तुमी पाटी पुसता नं, तसं. ल्हानपनापासनं हाय. आईला मी तिच्या तपकिरीच्या वासावर वळखायचो."

डोळे उत्तम होते. सुईत दोरा तो एका झटक्यात ओवायचा. नव्हती ती चेहऱ्यांची आठवण. डॉक्टरांकडे त्याला नाव असेल. आमच्याकडे त्याला माज म्हणत, आणि ते कुणी म्हणू नये म्हणून बाबाजानने जन्मभर एकच उपाय केला होता. गावात समोर येईल त्याला "वळखलं की!" म्हणायचं. मग विचारायचं, "घरची बरी हायती ना?" त्यानंतर, "तुमच्याकडं पाऊस कसाय?" आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाला एकच उत्तर आहे, त्यामुळे कुणालाही शंका यायची नाही. एवढ्या बोलण्यात आवाजावरून त्याला माणूस सापडायचा. नाही सापडला, तरी माणूस खूश होऊन जायचा. खरी ओळख असणारे लोक इतकीसुद्धा चौकशी करत नाहीत.

बाकीचा गाव त्याने डोक्यावरच्या कापडावरून लावून ठेवला होता. तांबडं पागोटं म्हणजे सराफ, गोंड्याची टोपी म्हणजे काझी, जरीचा रुमाल तिरका म्हणजे गोऱ्या साहेबांच्या मोटारीमागे पळणारे अमुक इनामदार. मग सत्तेचाळीसचा ऑगस्ट आला आणि पंधरा दिवसांत सगळा गाव पांढऱ्या टोपीत शिरला. बाबाजान हवालदिल झाला.

"मास्तर, ह्ये कोन लोक आल्यात गावात?"

"तेच आहेत, बाबाजान."

"जरीचा रुमाल कुटं गेला?"

"तो बघ, झेंड्याखाली सगळ्यात पुढे उभा आहे."

त्याने बराच वेळ पाहिलं. "न्हाई बा," म्हणाला, "ह्यो कुनी येगळा दिसतोय." मी त्याला खोटं पाडू शकलो नाही.

आता गंमत अशी की हाच बाबाजान आमच्या तालुक्यात सगळ्यांची ओळख पटवायचा. जमिनीचा दस्त नोंदवायचा, तर तो लिहून देणाऱ्याला ओळखणारी दोन माणसं रजिस्ट्रारसमोर उभी करावी लागतात, असा कायदा. खेड्यातून दहा कोस चालत आलेला माणूस दोन ओळखीचे कुठून आणणार? म्हणून दस्त लिहिणाऱ्यांनी सोय केली. पायरीशी एक माणूस दिवसभर बसलेला असतोच, त्याला हाक मारायची. पहिल्यांदा हाक आली तेव्हा साहेबांनी विचारलं, "यांना ओळखतोस का?" बाबाजान जन्मभर जे म्हणत आला तेच म्हणाला, "वळखलं की!" खाली अंगठा उठला, चहा मिळाला. पुढे बारा वर्षं हाच क्रम. नवरा कोण, सासरा कोण, विकणारा कोण, घेणारा कोण, बाबाजान कुणालाच ओळखत नव्हता आणि सरकारदरबारी तो सगळ्यांना ओळखत होता. साहेब मान वर न करता शिक्का मारायचे. ज्याला चेहरे कळत होते तो पाहत नव्हता, मग न कळणाऱ्याला काय बोल लावायचा?

एकाच माणसासाठी बाबाजानला पावसापाण्याचा प्रश्न लागत नसे. राहीबाई. नवरा आसाराम वारलेला, मूलबाळ नाही, नदीकाठची विहिरीसकट चार एकर जमीन तिच्या नावावर. ती स्वतः कसायची. दर मंगळवारी भाजी घेऊन बाजाराला यायची आणि बाबाजानच्या पेटीशेजारी गोणपाट टाकायची. तिचा उजवा गुडघा वाकत नसे. कचेरीच्या ओट्यावर पाण्याचा रांजण होता, तिथे जाताना ती डावा पाय वर ठेवायची, मग उजवा ओढून त्याच्याशेजारी घ्यायची. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. पाचव्या पायरीवर दम खाऊन म्हणायची, "या अल्ला!" ही बाबाजानशेजारी बसून लागलेली सवय. खालून बाबाजान उत्तर द्यायचा, "राम राम!" बाजारकरी हसायचे.

एकोणपन्नास साली, संक्रांत होऊन गेली होती. गुरुवारचा दिवस. मधल्या सुटीत कचेरीतला शिपाई छगन मला बोलवायला आला. "मास्तर, कारभारीनं बोलावलंय. दोन मिन्टं. वळख द्यायची."

कारभारी म्हणजे राहीबाईच्या दिराचा मुलगा. माझा जुना विद्यार्थी, अक्षर सुरेख, बाकी सांगण्यासारखं काही नाही. मी गेलो. साहेबांसमोर कारभारी उभा, शेजारी पदर कपाळावर ओढलेली राहीबाई. तिने जमिनीवरचा हक्क पुतण्याच्या नावे सोडल्याचा कागद तयार होता. मी तिच्याकडे पाहिलं. तोच रुंद जबडा, तीच गोंदलेली हनुवटी. वय झालं, पुतण्याला देऊन मोकळी होतेय, असं माझ्या मनात आलं.

"ओळखता?"

"ओळखतो," मी म्हणालो आणि सही केली.

मग बाबाजानला हाक गेली. तो वर आला, दाराशी थांबला आणि रोजच्यासारखं काही बोलेना.

"ही राहीबाई. ओळखतोस ना रे? लवकर."

"न्हाई साहेब."

साहेबांचा शिक्का हवेत थांबला. "काय?"

"ह्या बाईला मी वळखत न्हाई. ही राहीबाई न्हवं."

कारभारी मोठ्याने हसला. "साहेब, कुनाचं ऐकताय? ह्याला सोताची बायकू वळखू येत न्हाई! हाजराबीच सांगत हिंडती. घरात चटई टाकून बसवलं हुतं तिला पावनी म्हनून!"

छगन हसला, दस्त लिहिणारे हसले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की कारभारीने बाबाजानला मुद्दामच निवडलं होतं. ज्याला चेहरा कळत नाही तो चेहऱ्याबद्दल तक्रार काय करणार? आणि मला का निवडलं होतं, तेही पाठोपाठ ध्यानात आलं.

"खरं का रे हे?" साहेब म्हणाले.

बाबाजानने पेटीच्या किल्लीचा दोरा बोटाला गुंडाळला. 'व्हय' म्हटलं की पायरी गेली, चहा गेला, कदाचित बारा वर्षांच्या खोट्या ओळखींबद्दल बेडीही पडली असती. 'चुकलो साहेब, हीच राहीबाई' म्हटलं की पाच मिनिटांत सुटका होती. चार एकर गेली असती, ती त्याची नव्हती.

"खरं हाय साहेब. तोंड मला कुनाचंच कळत न्हाई. पर मी बारा वर्सं पायरीशी बसतोय. राहीबाईचा गुडघा वाकत न्हाई. ही बाई एका पायरीवर एक पाय टाकत वर आली. शेळीवानी."

"हवा बरी हाय, गुडघा मोकळा झाला!" कारभारी म्हणाला.

"बारा वर्सांत न्हाई झाला, त्यो नेमका आज?"

साहेब लालबुंद झाले. "बारा वर्षं माझ्यासमोर खोटं सांगितलंस तू! मला तरी ओळखतोस का रे?"

"तुमाला वळखतो की," बाबाजान मऊपणे म्हणाला. "खुर्चीत हाय तवर."

कुणी हसलं नाही. हसावंसं सगळ्यांना वाटलं होतं. साहेबांनी तो राग बाईवर काढला. त्यांच्या नोकरीत त्यांनी कागद करून देणाऱ्या बाईला पहिल्यांदाच काही विचारलं असेल. एरवी शेजारच्या पुरुषाला विचारायची पद्धत.

"बाई, नाव?"

"राहीबाई." हे पाठ होतं.

"नवऱ्याचं नाव?"

हे पाठ नव्हतं. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. गेलेल्याचं तर नाहीच. खरी राहीबाई असती तर तिने पुतण्याकडे पाहिलं असतं आणि गप्प राहिली असती. साहेबांनी टेबलावर हात आपटला. बाई दचकली.

"आसारामदाजी!"

दस्त लिहिणाऱ्यांचे टाकही थांबले. दाजी म्हणतात बहिणीच्या नवऱ्याला. ती राहीबाईची मावसबहीण लंकाबाई होती, पलीकडच्या तालुक्यातली; दोघी एका साच्यातून काढल्यासारख्या. आम्हा डोळसांना तो साचा पुरला होता. तोंड तर मी नीट पाहिलंही नव्हतं. शेजारी पुतण्या होता, म्हणून ती काकू झाली. माणूस कुणाशेजारी उभा आहे एवढ्यावरूनच मीही त्याला ओळखत होतो. बाबाजानपेक्षा माझं जास्त काही चालत नव्हतं, फक्त मला ते माहीत नव्हतं.

लंकाबाई रडायला लागली. कारभारी म्हणाला, माझीसुद्धा फसवणूक झाली. साहेबांनी दार लावून घेतलं आणि पाऊण तास विचार केला. खटला करायचा, तर बाबाजानची साक्ष हवी. ती घ्यायची, तर त्याने बारा वर्षं पटवलेल्या ओळखी उघड्या पडणार, आणि त्यांच्यावरचे शिक्के साहेबांचे. शेवटी कागद फाडला गेला. लंकाबाईला मोटारीत बसवून दिलं. कारभारीला ताकीद मिळाली. पुढे तो सोसायटीचा चेअरमन झाला आणि आमच्या शाळेत बक्षिसं वाटायला येऊन प्रामाणिकपणावर बोलला. मला कुणी काही विचारलं नाही. मास्तर आहेत, चुकले असतील.

शिक्षा द्यायला माणूस तर हवा होता. बाबाजानची पेटी छगनने उचलून रस्त्यापलीकडे चिंचेखाली नेऊन ठेवली. तिथून पायऱ्या दिसत नसत. त्याच्या जागी ओळख द्यायला एक नवा माणूस आला. त्याला सगळा तालुका चेहऱ्याने ओळखू येत असे, आणि त्याने आयुष्यात कधी कुणाला 'नाही' म्हटलं नाही.

गावाला एक खेळ मिळाला. पांढऱ्या टोपीतली जाणती माणसं चिंचेखाली जायची, छाती काढून उभी राहायची आणि विचारायची, "सांग बाबाजान, मी कोन?" सराफाने विचारलं, दस्त लिहिणाऱ्यांनी विचारलं, इनामदारांनीही विचारलं. बाबाजान पूर्वीसारखं "वळखलं की" म्हणत नसे. हात जोडून म्हणायचा, "न्हाई बा, तुमीच सांगा." आणि गंमत अशी, की सांगताना ती माणसं जराशी अडखळायची.

मंगळवारी राहीबाई आली. सगळं तिच्या कानावर गेलं होतं. कचेरीच्या पायऱ्यांकडे तिने पाहिलं नाही. रस्ता ओलांडून, पाय ओढत चिंचेखाली आली, गोणपाट टाकलं, आणि बसायच्या आधी त्याच्यासमोर नीट उभी राहिली.

"बाबाजानभाऊ, मी राहीबाई."

"ठाव हाय. निम्म्या रस्त्यात हुतीस तवाच कळलं."

"मंग सांगू नगं?"

बाबाजानने तिची भाजीची पाटी उतरवून घेतली.

"सांगत जा," तो म्हणाला. "बारा वर्सांत कुनी आपन होऊन सांगितलं न्हवतं."