रंगपटातली हरिणी

तिकीट काढताना मी खिडकीतल्या बाईंना विचारलं होतं, "लहान मुलीला चालेल ना हे नाटक?"

"गाणीच तर आहेत सगळी," त्या म्हणाल्या.

गाणी होतीच, पण दुसऱ्या अंकात आई हरिणी गाता गाता मेली आणि मीरा माझ्या कुशीत हमसाहमशी रडली. मुलांना मरण झेपेल का, याचीच आपल्याला धास्ती. म्हणून प्रयोगानंतर, सगळे नेतात तसं, मी तिला रंगपटात नेलं. हरिणी कान काढून ठेवून बटाटेवडा खात होती. तिनं हसून हात पुढे केला. मीरानं तो धरला नाही. घराच्या जिन्यात मला एवढंच म्हणाली,

"तुला माहीत होतं ना, ती खरी मरत नाही ते? मग मला रडू का दिलंस?"