बाईंचा दम

त्या भागात ज्यांना गाडी चालवता येते, त्यांतल्या निम्म्याअधिक लोकांना बाईंनी कधी ना कधी दम भरलेला आहे. बाई म्हणजे ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई. पांढरी छोटी गाडी, टपावर लाल अक्षरांची पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे खास त्यांच्यासाठी बसवलेले जादा ब्रेक आणि क्लच. भर रस्त्यात गाडी बंद पडली की मागचे हॉर्न वाजवायचे, शिकणाऱ्याच्या हातांना घाम फुटायचा, आणि बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन मागच्याला विचारायच्या, "तुम्ही काय आईच्या पोटातून शिकून आलात का हो?" हॉर्न गप्प. मग त्याच आवाजात आत, "आणि तुम्ही काय माझ्या तोंडाकडे बघताय? चावी फिरवा!"

तोंड फाटकं, पण मन साफ, असं सगळे म्हणायचे. बाईंना स्वतःला यातलं पहिलं तेवढं मान्य नव्हतं.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरात त्या, शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस असलेला नवरा, आणि सासरे. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी ऐंशी ओलांडली होती, तरी सकाळी पेपर आणायला ते जिना असे उतरायचे की जणू खाली कोणी त्यांचं नाव पुकारतंय. आणि सून पंचेचाळिशीची, पण तिलाच जिना जड जायला लागला.

सुरुवातीला वर पोचल्यावर धाप लागायची. मग दुसऱ्या मजल्यावरच. बाईंनी त्यावर युक्ती काढली. प्रत्येक वळणावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायची. कोणी आलं तर, "मेली सापडतच नाही," म्हणायचं. किल्ली हातातच असायची.

गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी वजन कमी करा म्हटलं. मग रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. मग दमा असेल म्हणून तोंडात मारायचा पंप दिला. कशानेच फरक पडेना, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही फार काळजी करता."

"कसली?" बाईंनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगा."

"धाप का लागते, याचीच," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून बाहेर आल्या.

दिवस तसेच ढकलले. संध्याकाळी पाय सुजायचे, चपलेचा पट्टा रुतायचा. दिवसभर बसून काम, सुजणारच, असं त्या स्वतःला समजवायच्या. एकदा त्या वर आल्या तेव्हा नाना दारातच उभे होते. ते निरखून बघत म्हणाले, "लिपस्टिक लावलीस का गं?"

"नाना, मी कधी लावते?"

"मग ओठ असे जांभळे का?"

बाईंनी ते हसण्यावारी नेलं. नाना हसले नाहीत.

त्याच सुमारास शिंपीणबाई शिकायला आल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात बायकांचे कपडे शिवायच्या. नवरा वारल्यापासून त्याची गाडी दाराशी धूळ खात उभी होती, आणि विकायचा जीव होत नव्हता. इतकी भित्री विद्यार्थिनी बाईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. कुत्रं दिसलं की ब्रेक, पिशवी उडाली की ब्रेक, समोरून काहीच आलं नाही तर अजून कसं काही आलं नाही म्हणून ब्रेक. हॉर्न तर त्या वाजवायच्याच नाहीत. लोक काय म्हणतील!

"शिंपीणबाई, पायाखालचं मशीन जसं आवरता तसंच हे," बाई सांगायच्या.

"मशिनपुढे ट्रक येत नाही हो," शिंपीणबाई म्हणायच्या.

एका सकाळी चढावाच्या रस्त्यावर गाडी काही केल्या सुरू होईना. बाई उतरल्या, पदर खोचला आणि ढकलून गाडी कडेच्या सपाटीवर आणली. नेहमीचंच काम होतं ते. परत सीटवर येऊन बसल्या तेव्हा छातीत कोणी मूठ आवळल्यासारखं झालं. गाडी सुरू झाली, हळूहळू चढाला लागली. "आता अर्ध्या क्लचवर..." एवढं बोलल्या आणि त्यांचं डोकं खिडकीच्या काचेवर कलंडलं.

पुढे काय झालं ते बाईंना लोकांकडूनच कळलं. शिंपीणबाईंनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, गिअर काढला, आणि मग हॉर्नवर दोन्ही हात ठेवले ते उचललेच नाहीत. दुकानं सोडून माणसं धावत येईपर्यंत त्या हॉर्न वाजवत होत्या आणि रडत होत्या.

मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. छातीवर यंत्र फिरवून हृदय पाहिलं, मग मानेच्या शिरेतून बारीक नळी घालून आतला दाब मोजला. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या.

"तुमच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात," त्या म्हणाल्या. "त्यांतून रक्त पुढे ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला जिवाचा आटापिटा करावा लागतो. ती बाजू आता फुगलीय, थकलीय. म्हणून धाप, म्हणून सूज, म्हणून त्या दिवशी चक्कर."

"म्हणजे मी उगाच काळजी करत नव्हते," बाई म्हणाल्या.

"अजिबात नाही."

हे ऐकून बाईंना एकदम रडू आलं. आजार कळल्याचं नव्हतं ते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता.

मग त्यांनी विचारायचं ते विचारलं, "बरं होईल?"

"समूळ जाणार नाही. औषधं कायमची. पण पूर्वी याला औषधंच नव्हती, आता आहेत, आणि बऱ्याच जणांना त्यांनी चांगला फरक पडतो. तुम्हाला किती पडेल ते आज सांगितलं तर मी थाप मारल्यासारखं होईल. आपण बघत बघत जाऊ."

"आणि गाडी?"

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "नाही. शेजारी बसून शिकवणंही नाही. तुम्हाला पुन्हा चक्कर आली तर ब्रेक कोण दाबणार?"

बाई गप्प बसल्या. नवऱ्याने नंतर सांगितलं की त्या गप्प बसल्यावर त्याला खरी भीती वाटली.

घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. कोपऱ्यात ते दिवसरात्र घुरघुरायचं. त्याची नळी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायची, गॅलरीपर्यंत नाही. मीठ जवळजवळ बंद, पाणी मोजून. नवऱ्याने रजा टाकली आणि बाईंच्या हातातलं सगळं काम काढून घेतलं. पाण्याचा पेला तो आणायचा, केसांचा कंगवा तो शोधून द्यायचा, त्या उठल्या की तोही उठायचा. गाडीचं काम भाचीने सांभाळलं. ती नवऱ्याच्या बहिणीची मुलगी, तिशीतली, आधीपासून बाईंच्याच हाताखाली शिकवत होती. संध्याकाळी येऊन ती दिवसभराच्या गमती सांगायची. बाई भिंतीकडे बघत ऐकायच्या.

असे काही आठवडे गेले. एका दुपारी बाई यंत्र बंद करून, नळी काढून ओट्याशी गेल्या आणि चहाचं भांडं गॅसवर ठेवलं. नवरा धावत आला आणि भांडं उचलायला लागला.

"चहा करतेय मी," बाई म्हणाल्या. "डोंगर नाही चढत."

"पण मला सांगायचं ना!"

"सांगून सांगून तोंड दुखलं. पाणी हवं, सांगा. कपाट उघडायचंय, सांगा. अहो, आजारी आहे मी..." मध्येच श्वास संपला. भांड्याचा कान घट्ट धरून त्यांनी तो गोळा केला आणि वाक्य पुरं केलं, "काचेचं सामान नाही!"

नवरा मटकन खाली फरशीवरच बसला.

"फोन आला तेव्हा मी परीक्षानळ्या धूत होतो," तो म्हणाला. "ओल्या हातानेच उचलला. अजूनही फोन वाजला की हात ओले झाल्यासारखे वाटतात. तू हे सगळं करताना मी नुसता बसून काय बघू?"

एवढी वर्षं संसार केला, पण हा माणूस घाबरलेला बाईंनी पाहिला नव्हता. त्या गॅस बंद करून त्याच्या शेजारी फरशीवर बसल्या. मग तिथेच वाटणी झाली. चहा, भाजी चिरणं आणि स्वतःचे केस बाईंकडे. चादरी, बादल्या आणि बाजारहाट त्याच्याकडे. आणि थकल्या की बाईंनी खरं सांगायचं, किल्ली शोधायचं नाटक करायचं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या इमारतीला माहीत होतं," नवरा म्हणाला. "एवढ्या किल्ल्या कोणाच्या हरवतात?"

नानांनी त्यांच्या परीने काम सुरू केलं होतं. कुठूनतरी लाकडी स्टुलं आणली आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक मांडलं. तळमजल्यावरचे गृहस्थ कुरकुरले, "नाना, हा जिना आहे की दवाखान्याची बाकडी?" नाना म्हणाले, "तुमचे गुडघे विचारून बघा." आठवड्याभरात तेच गृहस्थ गच्चीवरून उतरताना मधल्या स्टुलावर बसलेले सापडले.

पहिल्यांदा खाली उतरून परत चढताना नाना पुढे, बाई मागे, हातात ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरची पिशवी घेतलेला नवरा त्यांच्याही मागे. बाई सवयीने काहीतरी सांगायला लागल्या. नाना वळून म्हणाले, "बोलायचं की चढायचं, एक काय ते ठरव." बाईंनी चढायचं ठरवलं. दारात पोचल्यावर मात्र त्यांनी तो राहिलेला किस्सा पुरा करूनच दम घेतला.

औषधं हळूहळू लागू पडत होती. सूज उतरली, आंघोळ करून आल्यावर अर्धा तास पडून राहणं थांबलं. त्याच दिवसांत शिंपीणबाई घरी आल्या. पलंगाच्या कडेला टेकून म्हणाल्या, "मी शिकेन तर तुमच्याकडेच."

"मला गाडीत बसायची बंदी आहे."

"मग बाहेर बसा."

बाई हसल्या. पण तिथेच बसलेली भाची हसली नाही. तिला माहीत होतं, बर्फाचा कारखाना बंद पडला होता आणि त्याच्या मागचं फरशी घातलेलं पटांगण मोकळंच असायचं. तिने मालकाला विचारलं. छपराच्या सावलीत खुर्ची ठेवली. शिंपीणबाईंच्या शेजारी ब्रेकवर पाय ठेवून भाची बसणार, बाई खुर्चीतून बघणार आणि भाचीच्या फोनच्या स्पीकरवरून बोलणार.

पहिल्या दिवशी बाईंची अवस्था बिकट झाली. गाडी कोपऱ्यातल्या रिकाम्या पिंपाकडे निघाली की त्यांचा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. तिथे नुसती फरशी. ओरडावं तर श्वास पुरेना. शेवटी त्या फोनमध्ये हळूच म्हणाल्या, "पिंप दिसतंय ना? मग तुमचं तुम्ही बघा." गाडी डुगडुगली, वळली आणि पिंपाच्या अलीकडे थांबली.

शिंपीणबाई उतरून आल्या, चेहरा लाल. "आज तुम्ही ओरडला नाहीत."

"ओरडायला जोर कुठाय?"

"असंच शिकवा. मला आज पहिल्यांदा इंजिनाचा आवाज ऐकू आला."

बाईंना हे लागलं, आणि पटलंही. रात्री जेवताना नवऱ्याला म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच घसा फोडला." नाना ताटातून मान वर न करता म्हणाले, "आम्ही सांगायचो, पण आमचा आवाज तुझ्यापर्यंत पोचायचा नाही."

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. थंडीत साधा ताप आला आणि दोन दिवसांत बाई हॉस्पिटलात. नाकातोंडावर मास्क, बोलणं बंद, नवरा पुन्हा तसाच घाबरलेला. त्यांना स्वतःलाही वाटलं, आता संपलं. पण डॉक्टरीणबाईंनी आणखी एक औषध सुरू केलं, ताप उतरला, आणि घरी आल्यावर जिना पुन्हा पहिल्या स्टुलापासून शिकावा लागला. त्या पडून असतानाच शिंपीणबाई परीक्षेला बसल्या आणि गाडी मागे घेताना खांबाला घासून नापास झाल्या. "आता आपण दोघी पुन्हा पहिलीच्या वर्गात," त्या फोनवर म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला पास झाल्या. आपल्या वारलेल्या नवऱ्याची गाडी धुऊनपुसून त्यांनी बाईंच्या इमारतीखाली आणली आणि चक्क हॉर्न वाजवला.

नंतरच्या तपासणीत बाईंना हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात चालवलं गेलं. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, बरोबर नर्स. मागच्या वेळी जिथे भिंतीला टेकल्या होत्या, त्याच्या बऱ्याच पुढे त्या गेल्या. डॉक्टरीणबाईंनी हृदयाचं नवं चित्र दाखवलं. उजवी बाजू थोडी आवरली होती.

"आजार आहे तिथेच आहे," त्या म्हणाल्या. "पण हृदयाला जरा उसंत मिळालीय. बसल्या जागी ऑक्सिजन नको. झोपताना आणि चालताना लावा."

"चालेल," बाई म्हणाल्या. "म्हणजे, चालेन."

आता पटांगणात रोज सकाळी दोन-तीन विद्यार्थी असतात. बहुतेक घाबरलेले, दुसरीकडून कंटाळून आलेले. परवा एक निवृत्त मुख्याध्यापक आले. हयातभर दुसऱ्यांना शिकवलेला माणूस, त्यामुळे शिकवून घ्यायची सवय नाही. बाई नुकत्याच चालत येऊन बसल्या होत्या, नाकात नळी तशीच होती.

"हे काय?" मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून विचारलं.

"फुप्फुसाचा आणि हृदयाचा आजार आहे मला. फार बोलता येत नाही. म्हणून जे सांगेन ते एकदाच सांगेन."

"मी तर वर्गात प्रत्येक गोष्ट दहादा सांगायचो."

"मग मुलं पहिल्या नऊ वेळा ऐकत नसतील, सर."

मुख्याध्यापक खो खो हसले आणि गाडीकडे गेले. भाची शेजारच्या सीटवर सरकली. बाईंनी सिलिंडरच्या पिशवीची चेन लावली, पाय खुर्चीखाली घेतले आणि फोन कानाला लावला.

"पट्टा लावा," त्या म्हणाल्या. "आता क्लच दाबून पहिला गिअर. घाई नाही. आपल्याला वेळ आहे."

गाडीने एक गचका खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि हळूच पुढे निघाली.