तपासणीतली काठी

खजुरीच्या किशनराव सुतारांनी केलेली काठी वेळेवर मिळाली, असं अख्ख्या आळंद तालुक्यात कुणी शपथेवर सांगणार नाही. काठीत मात्र खोट काढायला जागा नाही. मोडलेल्या तेलघाण्याची लाट, जुन्या गाडीचा कणा, पाडलेल्या घराचा खांब, जिथं अंजनाचं लाकूड दिसेल तिथून ते उचलून आणतात. हे झाड आता औषधालाही सापडत नाही. लाकूड असं घट्ट, की चार हात मारले की रंध्याचं पातं बोथट. घासून, जवसाचं तेल पाजून काठी झाली की किशनराव ती हौदात टाकून दाखवतात. दगडासारखी तळाला गेली तर खरं अंजन. तरंगली तर चुलीत.

उशीर होतो तो यापुढं. कारण मग तिची ‘तपासणी’ सुरू होते. ती किशनराव स्वतः करतात. घरापासून दुकानापर्यंत, दुकानापासून हॉटेलापर्यंत, तिथून पारापर्यंत. चांगली महिना-दीड महिना. तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला आणि त्याच महिन्यात ही तपासणी निघाली, हा निव्वळ योगायोग. डॉक्टरांनी ‘काठी घ्या’ म्हटलं, तेव्हा सत्तरीचे किशनराव त्यांच्यावरच उखडले होते. काठी म्हातारी माणसं घेतात!

“कुणाची वो ही काठी?” कुणी विचारलं की उत्तर तयार.

“गिऱ्हाइकाची. वजन पेलती का बघायलोय.”

बायको गुरुबाई एकदा म्हणाली, “आवं, तीन वर्सं झाली बघायलाव. एक तरी काठी नापास झाली का?”

“न्हाई. माल तसा हाय.”

परवा बाजारच्या दिवशी मादन हिप्परग्याचे अमृतप्पा दुकानात आले. आले म्हणजे दारातून वाकून आले, एवढे उंच. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी काठी सांगितली होती. दुकानात तयार काठी एकच, आणि ती किशनरावांच्या हातात. ती दिली, की घरापर्यंतचा चढ बाजारातल्या सगळ्या माणसांदेखत लंगडत चढायचा. आणि गुरुबाई नेमकी डबा घेऊन तिथंच बसलेली.

“किशनराव, माझी काठी?”

“तपासणीत हाय, अप्पा. पुढच्या बाजाराला या.”

“दोन महिने काय तपासायलाव? तिच्यावर मी माळवद टाकणार हाय व्हय? आणा इकडं!”

अप्पांनी काठी घेतली, जमिनीला टेकवली आणि सुई शोधायला वाकावं तसे वाकले. काठी चांगली वीतभर आखूड.

“ही आखूड कामून? सुतळीनं माप घेतलं होतंत न्हवं?”

“सुतळी पावसात आटती, अप्पा.”

“वीतभर?”

“आन् वय झालं की माणूस वाकतो. पुढचा इचार करून केलीया.”

“म्हंजे मी वाकायची वाट बघू?” अप्पांना काहीतरी आठवलं. “माझ्या मेव्हण्याची काठी बी आखूड. अन् आमची बुटकी मल्लम्मा, तिची काखेत जाती! मी म्हणायलो, आमच्या गावाला झालंय तरी काय. उभं ऱ्हावा जरा.”

किशनराव नाइलाजानं उठले. अप्पांनी काठी त्यांच्या हातात दिली. मूठ बरोबर मनगटाशी. एक सूत इकडं नाही, एक सूत तिकडं नाही. तीन वर्षं तालुक्यातल्या एकूण एक म्हाताऱ्याच्या काठीला एकाच माणसाचं माप लागत होतं.

गुरुबाईनं पदर तोंडात धरला.

“ही तुमची,” अप्पा म्हणाले. “माझी माझ्या मापानं करा.”

किशनरावांनी काठी उलटसुलट करून पाहिली. मग हळूच त्यांचे डोळे चमकले.

“म्हंजे... माल परत?”

“परत.”

“ऐकलीस का गं? गिऱ्हाइकानं परत केली. आता अंजन हाय म्हटल्यावर चुलीत बी घालता येत न्हाई.”

“कशी घालावी!” गुरुबाई गंभीरपणे म्हणाली. “वापरावीच लागंल बगा.”

त्या दिवशी किशनराव काठी टेकत भर बाजारातून चढ चढले आणि विचारील त्याला, न विचारील त्यालाही ‘परत आलेला माल’ दाखवत गेले.

अमृतप्पांची काठी पंधराव्या दिवशी तयार झाली आणि ठरल्या दिवशी त्यांना मिळाली. सवयीनं किशनरावांनी ती तपासायला नेली होती. नाही असं नाही. पण ती धनगराच्या काठीसारखी त्यांच्या छातीपर्यंत यायची, आणि दहा पावलं टाकतात तोच कुणाच्या तरी दोन शेळ्या मुकाट्यानं त्यांच्या मागं चालू लागल्या.